अप्पासाहेबांचं अतिनम्र पत्र

उज्जैनहून परतलेल्या माणसाला आमच्या सोसायटीत पहिला प्रश्न येतो तो दर्शन कसं झालं हा. मी आधीच सांगून टाकते. मी नगरच्या चर्चमधल्या पाळकाची मुलगी, देवळाच्या रांगेत काही उभी राहिले नाही. मला दर्शन घडलं ते एका रागावलेल्या म्हाताऱ्याचं, आणि तेही अतिशय नम्र रूपात.

माझी सगळी नोकरी पुण्यात ग्रीक शिकवण्यात गेली. विषय एकच, पहिल्या काळातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिली गेलेली पत्रं. त्यातही माझा जीव रमला तो त्यांतल्या भांडणांत. कोण कुणाला किती गोड बोलून चावतो हे शोधता शोधता माझे केस पांढरे झाले. अशा विषयावर व्याख्यान द्यायला आपल्याला कुणी उज्जैनला बोलवेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. बोलावलं वसुधाने. ती माझी वसतिगृहातली मैत्रीण, आता उज्जैनच्या चिटणिसांची सून. तिथल्या मराठी वाचनालयाचं काम पाहते. फोनवर म्हणाली, "तू फक्त ये, बाकी मी पाहून घेते." बाकी म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

देवास गेट

देवास गेटच्या बसस्टँडमागे एक गल्ली आहे. खाली नमकीनचं दुकान आणि तिसऱ्या मजल्यावर वसुधाचा फ्लॅट. जिना चढतानाच तळत्या शेवेचा वास येतो. दारात तिने मला मिठी मारली आणि सामानासकट आत ओढलं.

"हात-पाय धुऊन घे पहिले. पोहे गरम आहेत, जलेबी आत्ताच मागवली."

पोह्यांबरोबर जिलबी! आमच्याकडे पोह्यांवर लिंबू पिळतात, तेही पाहुणा बरा असला तर. इथे पोह्यांत बडीशेप, वर मूठभर शेव आणि बाजूला गरम जिलबी. मी आधी नाक मुरडलं आणि मग दोनदा घेतलं.

खाताना लक्षात आलं की घर लग्नाचं आहे. पलंगावर आहेराच्या साड्यांचे ढीग, कोपऱ्यात बस्त्याच्या पिशव्या. वसुधाच्या मुलीचं, मैत्रेयीचं, लग्न आठवड्यावर आलं होतं. पण त्या घरात कुणी हसत नव्हतं. वसुधाचा नवरा श्रीकांत, वीज मंडळातून निवृत्त झालेला, एरवी बोलका माणूस. "बसा, शलोमीताई," एवढं म्हणून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

मैत्रेयी इंदूरच्या ऑफिसातून आली, माझ्या पाया पडली आणि पर्स न ठेवताच म्हणाली, "मावशी, तुम्ही तरी या दोघांना सांगा. काका आले नाही तर मी हॉल-बिल सगळं कॅन्सल करणार आहे. कोर्टात दोन सह्या, झालं काम."

"अगं, असं बोलू नये," वसुधा म्हणाली.

"मी सिरियसली बोलून राहिले, आई." आणि ती आत गेली.

मग वसुधाने सगळं सांगितलं. काका म्हणजे अप्पासाहेब, श्रीकांतचे थोरले भाऊ. श्रीकांतच्या बदल्या आडगावी, म्हणून मैत्रेयीचं शाळेचं सगळं वय अप्पासाहेबांच्या घरी गेलं. त्यांना मूलबाळ नाही, आता पत्नीही नाही. मैत्रेयीला आई-बाप दोन आणि घर मात्र काकांचं, असा तो प्रकार.

आणि चिटणिसांच्या घरी एक रीत आहे. या लोकांचे पूर्वज दरबारात पत्रं लिहायचे. आता कुणी बँकेत, कुणी वीज मंडळात, पण मायन्याचा अभिमान अजून शाबूत. मायना म्हणजे पत्राच्या सुरुवातीचं संबोधन. कुणाला तीर्थस्वरूप लिहायचं, कुणाला राजमान्य राजश्री, कुणाला चिरंजीव, यावरून त्या काळी माणसाची जागा कळायची. लग्न ठरलं की पहिली पत्रिका चिंतामण गणपतीला, ही तर सगळ्या उज्जैनची रीत. चिटणिसांची रीत पुढची आहे. दुसरी पत्रिका घरातल्या थोरल्याला. धाकट्याने तिच्यावर स्वतःच्या हाताने मायना लिहायचा, सोबत अक्षता घ्यायच्या आणि स्वतः दारात जायचं. थोरल्याने त्या ओंजळीत घेतल्या की आमंत्रण स्वीकारलं.

यंदा श्रीकांतने पत्त्यांची यादी छापखान्यात दिली, तिथून लेबलं लागून पत्रिका परस्पर कुरियरने गेल्या. थोरल्या भावाचं नाव यादीतून काढायचं राहून गेलं. 'सप्रेम नमस्कार' असं छापलेली पत्रिका कुरियरवाल्याने नेऊन अप्पासाहेबांच्या हातात ठेवली आणि त्यांची सही घेतली.

"मग त्यांनी हे पाठवलं," वसुधा म्हणाली आणि एक कागद माझ्यापुढे धरला.

अक्षर मोत्यासारखं. मी वाचू लागले. 'राजमान्य राजश्री श्रीकांतराव चिटणीस साहेब यांचे सेवेशी, कृतानेक नमस्कार विनंती विशेष. आपल्या कन्येच्या विवाहाची पत्रिका कुरियरद्वारे पावली. आमच्यासारख्या सामान्य माणसाची आठवण ठेवलीत, हा आपला मोठेपणा. प्रकृतीच्या कारणाने येणे होणार नाही, क्षमा असावी. लोभ असावा. आपला कृपाभिलाषी.'

मी ते पुन्हा वाचलं. पोटच्या पोरीसारखी वाढवलेली मुलगी, आणि तिला 'आपल्या कन्येच्या'. धाकट्या भावाला 'साहेब'. सबंध पत्रात आशीर्वाद हा शब्द नाही. मी आयुष्यभर अशाच पत्रांवर बोलत आले होते, पण त्यांतली माणसं मरून एकोणीसशे वर्षं झाली होती. हा माणूस रिक्षाच्या अंतरावर राहत होता.

"आता ऐक," वसुधा म्हणाली. "उद्या तुझ्या भाषणाला अध्यक्ष तेच आहेत. मीच जमवलं आहे. तू जरा असं काही छान बोल की त्यांचं मन पाघळेल. तुझ्या त्या पत्रांत माफी-बिफी खूप असेल ना?"

"वसू, त्यांत भांडणंच जास्त आहेत गं."

"मग भांडणं सोडून बोल!" ती म्हणाली. बाकी म्हणजे काय ते मला आत्ता कळलं.

वाचनालयाचं सभागृह

सभागृह छोटं होतं पण भरलेलं. पुण्यात या विषयाला पाच माणसं येतात आणि त्यांतली दोन पंख्याखाली बसायला येतात. इथे बायका गजरे माळून आल्या होत्या. अप्पासाहेब आधीच व्यासपीठावर होते. उंच, सडसडीत, इस्त्रीचा पांढरा झब्बा, हातात काठी. मला पाहून उभे राहिले आणि दोन्ही हात जोडले. श्रीकांत शेवटच्या रांगेत दाराजवळ बसला. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, आणि त्यांनी पाहिलं नाही हे सगळ्या सभागृहाने पाहिलं.

मी सुरुवात चांगली केली. सांगितलं की त्या काळी पत्र घरी एकट्याने वाचायची वस्तू नव्हती. ज्याच्या हाती पत्र पाठवलं तो मंडळीपुढे उभा राहून ते मोठ्याने वाचायचा, आणि लोकांनी काही विचारलं तर उत्तरंही त्यानेच द्यायची. पत्राची रचना ठरलेली. आधी कोण कुणाला लिहितो ते, मग कृपा आणि शांती असो, मग तुमच्याबद्दल मी देवाचे किती आभार मानतो हे, आणि मग मुद्दा. नाव घेतलं की लोकांचे कान लगेच धर्माकडे वळतात, म्हणून लिहिणाऱ्याला मी नुसता प्रेषित म्हटलं. हा प्रेषित एका पत्रात इतका संतापला आहे की आभार गाळून थेट झाडायलाच लागतो. त्या लोकांना तोंडावर मूर्ख म्हणतो. पण त्याच पत्रात पुढे त्यांना 'माझ्या मुलांनो' म्हणतो. उलट ज्यांच्याशी त्याचं कायमचं फाटलं आहे त्यांची तो नावंही घेत नाही. नुसतं 'काही जण' म्हणतो, नाहीतर त्यांना 'थोर थोर' म्हणून कोपरापासून नमस्कार करतो.

इथवर सगळं ठीक होतं. लोक मान डोलावत होते, आणि मान डोललेली दिसली की मला थांबता येत नाही. माझी आई म्हणायची, शलूच्या जिभेला हाड नाही. मी म्हणाले, "माणूस रागावतो तो आपल्याच माणसावर. ज्याला तोडायचं त्याला माणूस नमस्कार लिहितो. हे आजही चालतं बरं का! काल मी एक मराठी पत्र पाहिलं. अक्षर सुरेख, मायना दरबारी, प्रत्येक ओळीत नम्रता, आणि आशीर्वाद कुठेच नाही. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या!"

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या बाईंनी पदर ओढून घेतला. वसुधाने डोळे मिटले. उज्जैनचे मराठी लोक मोजके, त्या पत्राची बातमी घरोघर पोचलेली होती, आणि हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. पुढचं मी काय बोलले ते मला आठवत नाही.

अप्पासाहेब अध्यक्षीय समारोपाला उठले. आवाज शांत. "विदुषी प्राध्यापकबाई इतक्या लांबून आल्या, आमचं अहोभाग्य. आम्ही माळव्यातले साधे लोक, आम्हाला इतकी बारीक नजर कुठली? बाईंनी आमचे डोळे उघडले." मग माझ्याकडे वळून त्यांनी हात जोडले. "उद्या सकाळी गरिबाच्या घरी चहाला यावं. येताना ते पत्रही घेऊन यावं. पत्र नेणाऱ्याने ते उभं राहून वाचायची पद्धत होती, असं आपण सांगितलंत. आम्हालाही ऐकण्याचा लाभ व्हावा."

टाळ्या वाजल्या, पण नेहमीसारख्या नाहीत. रिक्षात बसल्यावर वसुधा म्हणाली, "भांडणं सोडून बोल म्हटलं होतं ना मी तुला? आता मुलीला मी काय तोंड दाखवू?"

मला रडू येत होतं आणि स्वतःचा भयंकर राग येत होता. जेवायला दालबाफले होते. गव्हाच्या गोळ्यांना इतकं तूप मी जन्मात पाहिलं नव्हतं आणि त्याची चवही मला सांगता येणार नाही.

रामघाट

सकाळी लवकर श्रीकांत रामघाटावर फिरायला जातो. मी त्याच्या मागे गेले, कारण घरात वसुधासमोर बसवेना.

क्षिप्रेवर धुकं नव्हतं, गर्दी मात्र होती. स्नानं, फुलं, दिवे, आणि पायऱ्यांवर मोठमोठ्या छत्र्यांखाली पंडे. एकाने मला हटकलं, "माताजी, कहाँ से पधारीं? गोत्र?"

"गोत्र नाही हो महाराज. ख्रिश्चन आहे मी."

"कोई बात नहीं, माताजी. घाट का फोटो तो खिंचवा लीजिए," तो म्हणाला आणि माझा मोबाइल घेऊन त्याने खरंच फोटो काढून दिला.

तेवढ्यात शेजारच्या दोन पंड्यांचं छत्रीच्या जागेवरून जुंपलं. "आप हट जाइए महाराज, नहीं तो आपका सिर फोड़ देंगे हम!" "फोड़िए, आप फोड़िए तो सही!" आमच्याकडे अशा वेळी माणूस आधी अरे-तुरेवर येतो आणि मग हातावर. इथे डोकं फोडायचं तेही आदराने. मला त्या अवस्थेतही हसू आलं.

श्रीकांत हसला नाही. "यांचं बरं आहे," तो म्हणाला. "दहा मिनिटांनी दोघं बरोबर चहा पितील. आमचे दादा आवाजच चढवत नाहीत."

"तुम्ही गेला का नाहीत? चूक झाली म्हणून सांगायचं."

"जाणारच होतो, ताई. दुसऱ्याच दिवशी. शिवी दिली असती तर पाय धरले असते. पण ते पत्र आलं. 'साहेब' लिहिलं आहे मला, माझ्या भावाने." तो नदीकडे बघत राहिला. "लहानपणी मला पोहायला यांनीच शिकवलं, इथेच. आता त्यांच्या दारात उभं राहिलो आणि त्यांनी 'यावं, बसावं' केलं, तर मी कुठे जाऊ?"

काल मी करता येईल तेवढं वाटोळं केलं होतं, आता आणखी काय व्हायचं राहिलं होतं? म्हणून मी बोलले. "त्या सगळ्या पत्रांत एक गोष्ट सारखी येते. प्रेषित लिहितो, मी स्वतः येणार आहे, समोरासमोर बोलू. त्याला समुद्र होता, तुरुंग होता, म्हणून तो पत्रं पाठवायचा. तुम्हाला दादांच्या घरी, नानाखेड्याला, रिक्षा मिळते."

त्याने टपरीवर दोन चहा सांगितले. चहा घेतला, पैसे दिले, आणि आम्ही परतलो. पण मी निघाले तेव्हा तो चपला घालून जिन्यात उभा होता. वसुधा आत पळाली आणि कुंकवाने माखलेल्या अक्षता वाटीत घेऊन आली.

नानाखेडा

नानाखेड्याचा बसस्टँड ओलांडला की कॉलन्या लागतात. सरळ रस्ते, एकसारखी घरं. रिक्षात आम्ही तिघं, वाटी वसुधाच्या मांडीवर. अप्पासाहेबांचं घर बैठं, दारासमोर स्वच्छ झाडलेलं. फाटक वाजायच्या आत ते दारात आले.

"यावं, बाई. वसुधाबाई, यावं." मग श्रीकांत दिसला. चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. "अरे वा, साहेबही आले. आमचं भाग्य. बसावं."

श्रीकांतचा चेहरा उतरला. तो बसला नाही, उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून उभा राहिला. अप्पासाहेबांनी स्वतः ट्रेमधून चहा आणला. कपबश्या ठेवल्या. मग खुर्चीत ताठ बसले, काठी गुडघ्यांमध्ये धरली आणि म्हणाले, "हं. वाचा."

"अप्पासाहेब, काल माझं चुकलं. भर सभेत..."

"छे छे. आपण विद्वान आहात. वाचा. उभं राहून, जशी पद्धत आहे तशी. आणि जरा मोठ्याने, मला कमी ऐकू येतं."

मी उभी राहिले. हजार वेळा विद्यार्थ्यांपुढे दुसऱ्यांची पत्रं वाचली असतील, पण ज्याचं पत्र तो समोर बसलेला कधी नव्हता. 'राजमान्य राजश्री श्रीकांतराव चिटणीस साहेब यांचे सेवेशी.' त्या शांत घरात तो मायना फारच मोठा वाटला. 'कृतानेक नमस्कार विनंती विशेष. आपल्या कन्येच्या विवाहाची पत्रिका...'

"थांबा," अप्पासाहेब म्हणाले. "तेवढं पुन्हा वाचा."

"आपल्या कन्येच्या विवाहाची पत्रिका..."

"कुणाच्या?"

"आपल्या कन्येच्या," मी म्हणाले.

"हे मी लिहिलं?"

त्यांनी काठी जमिनीवर आपटली आणि ते श्रीकांतकडे वळले. इतका वेळचा शांत आवाज फुटला.

"गधड्या! माझ्या पोरीच्या लग्नाची पत्रिका मला कुरियरवाला देतो? वर म्हणतो, अंकल, यहाँ साइन कीजिए! शेजारचे शर्माजी फाटकाशी उभे. विचारतात, क्या आया भाईसाहब? काय सांगू मी त्यांना? माझ्याच घरचं लग्न आहे आणि मी त्यात पाहुणा आहे, असं सांगू? अरे, ताप आला की तिला कोण घेऊन बसायचं? तू तर तिकडे खांबांवर तारा मोजत होतास!"

"दादा, ते लेबल छापखान्यात..."

"लेबल लाव तुझ्या तोंडाला! मूर्खा, हात मोडले होते का तुझे दोन ओळी लिहायला? आणि चुकलं तर चुकलं, धावत यायला काय झालं होतं? इतके दिवस मी त्या फाटकाकडे बघत बसलो आहे. दूधवाला आला तरी उठून पाहतो. नालायक माणूस!"

बराच वेळ ते बोलत होते. त्यांतलं सगळं मी इथे लिहू शकत नाही. वसुधा पदराने तोंड दाबून रडत होती आणि अडवत नव्हती. श्रीकांत खाली मान घालून सगळं ऐकून घेत होता. या दोन दिवसांत मी त्याला इतका ओशाळलेला आणि तरी इतका हलका पाहिला नव्हता.

मग त्यांचा दम संपला. ते खुर्चीत मागे टेकले. चहावर साय धरली होती. ते येणार की नाही, हे अजून कुणालाच कळलं नव्हतं. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता त्या नजरेत कालचा नमस्कार नव्हता, नुसता थकवा होता.

"बाई, तुमच्या त्या प्रेषिताने त्या लोकांना मूर्ख म्हटलं. पुढे काय झालं? ते आले का त्याच्याकडे परत?"

वसुधाने डोळ्यांनी मला विनवलं. हो म्हण, एवढंच तिला हवं होतं. मलाही म्हणावंसं वाटलं. पण त्या माणसाने खरं विचारलं होतं, आणि त्याच्याशी गोड खोटं बोलायची मला लाज वाटली.

"माहीत नाही, अप्पासाहेब. त्याचं पत्र उरलं. त्यांचं उत्तर उरलेलं नाही."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. मला वाटलं, झालं, सलग दुसऱ्या दिवशी मी घात केला. तेवढ्यात श्रीकांत भिंतीपासून निघाला, खुर्चीपुढे आला आणि गुडघ्यांवर बसला.

"मी आलोय ना, दादा," तो म्हणाला.

अप्पासाहेबांनी डोळे उघडले. त्याच्याकडे पाहिलं नाही. काठी भिंतीला लावून ठेवली, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि वसुधाला म्हणाले, "घाल अक्षता."